चटईवरची जागा

मैत्रिणींनो, रविवारी सकाळी तुमच्या घरी काय चालू असतं हो? थोडं उशिरा उठणं, सावकाश न्हाणं-धुणं, चहाच्या दोन जादा फेऱ्या, नाहीतर आठवडाभर साठलेली धुण्याची रास. आमच्याकडे मात्र रविवारची सकाळ म्हणजे नुसती तारांबळ! साडेनऊची उपासना असते. त्याआधी सगळ्यांच्या आंघोळी, नाश्ता, दुपारच्या मटणाचं वाटण आणि शिवाय "माझा पांढरा शर्ट कुठाय?" हा ठरलेला प्रश्न. आम्ही ख्रिस्ती. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला राहतो. गाव लहान आहे, पण एका गोष्टीसाठी तुम्ही त्याचं नाव ऐकलं असेल. आमचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. एकाच बाकावर नवरा-बायको बसले, तर एक जण ह्या राज्यात आणि एक जण त्या राज्यात! भांडण झालं तर बरंच म्हणायचं.

आज लिहायचंय ते देवळात जाण्याबद्दल. (आमच्यातली जुनी माणसं अजून चर्चला देऊळच म्हणतात.) तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? आमचा देव घरात, देव्हाऱ्यात. पण तुमच्या गल्लीत भजनी मंडळ असेलच, मंगळवारच्या आरतीला चार बायका जमत असतील. एखादी दोन मंगळवार आली नाही, तर तुम्ही काय करता? मला जे सांगायचंय ते तेवढंच आहे. आणि त्यात माझीच चूक आहे, म्हणून जरा लाजत सांगतेय.

माझं माहेर नगरचं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच बसलंय. तिथे १८३१ पासून मिशनचं काम, म्हणजे आमच्या पाचसहा पिढ्या ख्रिस्ती. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई नगरचेच, असं आम्ही लहानपणी समजायचो. पुढे कळलं की टिळक कोकणातले आणि लक्ष्मीबाई नाशिककडच्या. पण लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा मात्र १९०० साली नगरलाच झाला. 'स्मृतिचित्रे' आमच्या घरी पवित्र शास्त्राच्या शेजारच्याच फळीवर असायचं. दगडी चर्च, पेटी-तबला, टिळकांची भजनं, सगळं ऐसपैस. बाकांवर घराण्यांच्या जागा ठरलेल्या. अशा ठिकाणाहून मी १९९७ साली लग्न होऊन नवापूरला आले. तेव्हा आमचा तालुका धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. माझी आई बिचारी त्यानंतरही वर्षभर पत्रांवर 'जिल्हा धुळे'च लिहीत होती आणि पत्रं पोचतही होती.

पहिल्या रविवारी देवळात गेले आणि दारातच थबकले. आत बाकं नव्हती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, सगळे खाली चटयांवर. निम्म्याहून जास्त बायका आसपासच्या पाड्यांवरून चालत आलेल्या मावची. कोणी तासभर चालून आलेली, कोणी त्याहूनही जास्त. काखेत मूल, हातात चपला, आणि पदराच्या गाठीत मूठभर तांदूळ. हे तांदूळ दानार्पणाचे. रोज भात शिजवताना एक मूठ बाजूला काढायची आणि रविवारी आणून टोपलीत ओतायची. उपासना मराठीत, पण मधूनमधून गाणी मावचीत. मला एक अक्षर कळेना. मी दाराशी उभीच, तर एका बाईनं चटईवर सरकून हातानं जागा दाखवली. साधारण पन्नाशीची, सावळी, कपाळावर गोंदलेलं. तीच मावशी. मी तिला पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणत आले.

इथला हा सगळा इतिहास नगरइतका जुना नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक तेव्हाच्या पश्चिम खानदेशात आले. मूळचे स्वीडन-नॉर्वेकडचे, पण अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेले. त्यांनी भिल्ल, मावची लोकांत काम केलं. आमच्याच तालुक्यातल्या चिंचपाड्याचा दवाखाना १९४२ सालचा. आमच्या भागातली कितीतरी बाळंतपणं तिथे झाली. म्हणजे मावशीच्या पिढीतल्या पुष्कळ बायकांना ही श्रद्धा फार तर आजीपासून मिळालेली. माझ्यासारखी सहा पिढ्यांची मिरवायची सोय नव्हती त्यांना. म्हणूनच की काय, त्या चालत यायच्या, आणि आम्ही गावातल्या रिक्षा मिळाली नाही म्हणून घरी बसायचो!

लग्नानंतर दोन वर्षांत माझी दोन वेळा निराशा झाली. पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्यांदा पाचव्यात. ज्या बायकांवर हे गुदरलंय त्यांना जास्त सांगायला नको. आणि ज्यांच्यावर नाही गुदरलं त्यांना कितीही सांगितलं तरी अपुरंच. मी देवळात जायचं बंद केलं. देवावर रागावले होते का? थोडी होतेही. पण खरं कारण होतं बायका. उपासना सुटली की दारात घोळका जमायचा. "काय गं, अजून काही नाही?" "डॉक्टर बदलून बघ." "आमच्या पुतणीला तर..." सगळ्या मायेनंच बोलायच्या हो, पण त्या मायेला टोक असायचं. एकीनं तर डोळे पुसत मला सांगितलं की माझी प्रार्थनाच कमी पडतेय. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

हे मुद्दाम लिहितेय. एकत्र जमण्याचं नुसतं गोडवं गाणाऱ्यांतली मी नाही. चार माणसं जमली की सुई टोचणारंही कोणी असतंच. हळदीकुंकवाला जाऊन डोळ्यांत पाणी घेऊन परतलेल्या बायका तुमच्याही ओळखीच्या असतील.

पाच रविवार गेले. सहाव्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, दुपारी दार वाजलं. मावशी! डोक्यावर पाटी, पाटीत अंबाडीची भाजी आणि थोड्या शेंगा. बाजार करून परत जाताना वाट वाकडी करून आली होती. मी पाणी दिलं. ती ओट्याशी खाली बसली. "का आली नाहीस?" असं विचारलंच नाही तिनं. भाजीची जुडी काढून ठेवली, पाणी प्यायली आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "माझी तीन गेली, पोरी. मग दोन राहिली." एवढंच. मग बराच वेळ दोघी गप्प. उठताना म्हणाली, "तू काय बोलू नको कोणाशी. नुसती ये. माझ्याजवळ बस. सुटलं की मी तुला बाहेर घेऊन जाते."

पुढच्या रविवारी गेले. शेवटचं आमेन झालं, तशी मावशीनं माझा दंड धरला आणि बायकांच्या घोळक्यातून मला सरळ फाटकापर्यंत नेलं. कोणी बोलायला पुढे आलं की ही त्यांच्याशी मावचीत असं काही मोठ्यानं बोलायची की त्या हसायला लागायच्या आणि मी निसटायचे. काय बोलायची देव जाणे! चार-पाच महिने हे असंच चाललं. उपदेश काय झाला, कोणतं शास्त्रवचन वाचलं, त्यातलं मला आज काही आठवत नाही. दंडावरचा तिचा हात तेवढा आठवतो. पुढे २००१ साली मला मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या दिवशी मावशीनं स्वतः शिवलेली गोधडी आणली होती.

सगळंच काही असं गंभीर नव्हतं बरं का! आमचा कापणीचा सण बघायला एकदा याच. नवं पीक घरात आलं की प्रत्येकानं आपापल्या शेतातलं, परसातलं काहीतरी देवळात आणायचं. भात, तूर, भोपळे, कोंबडीसुद्धा! उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. एका वर्षी मावशीच्या दुधी भोपळ्यावर मी आणि पोस्टातले एक काका असे ईरेला पेटलो, की तो भोपळा मी दीडशे रुपयांना घेतला. हे घरी आठ दिवस मला 'भोपळेवाली' म्हणत होते. कोंबडी मात्र लिलावातून सुटून वेदीपाशी जाऊन बसली होती.

वर्षं गेली. मंडळीत पैसा आला, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. माझे गुडघे कुरकुरायला लागले होते, मी खुर्चीवर बसू लागले. मावशीनं एकदोनदा खुर्ची करून बघितली, मग परत चटईवर. "पाय लोंबतात," म्हणाली. हळूहळू असं झालं की गावातल्या आम्ही खुर्च्यांवर आणि पाड्यावरच्या सगळ्या खाली. कोणी ठरवलं नव्हतं हो. पण झालं खरं. उपासनेनंतर मी तिला लांबून 'सलाम' करायची, ती हात उंचवायची. भेट झाली असं वाटायचं.

मग २०२० उजाडलं. २२ मार्चचा तो जनता कर्फ्यू. रविवारच होता तो. त्यानंतर देवळाला कुलूप. १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही घरात केला. पहाटेची स्मशानातली प्रार्थना नाही, मेणबत्त्या नाहीत. पाळकांनी मोबाईलवर उपासना पाठवायला सुरुवात केली. पहिल्या दोनतीन रविवारी आम्ही सगळे नीट कपडे घालून, मोबाईल डब्याला टेकवून समोर बसलो. चौथ्या रविवारी मी गाऊनवर होते. मे महिन्यात मी कणीक मळता मळता उपदेश ऐकत होते, आणि आशीर्वादाला कुकरची शिट्टी साथ देत होती. आणि खरं सांगू? बरं वाटत होतं! साडीला इस्त्री नको, वेळेचा धाक नको, कोणाचे प्रश्न नकोत. मटणही लवकर शिजत होतं.

सरकारनं १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, सगळी प्रार्थनास्थळं उघडली. तो सोमवार होता. पुढच्या रविवारी देऊळ उघडणार म्हणून निरोप आला. हे म्हणाले, "इतकी काय घाई? घरबसल्या होतंय की. अजून आजार आहेच." बरोबरच होतं म्हणा त्यांचं, तेव्हा काळजी घ्यायलाच हवी होती. पण काळजी आणि आळस ह्यांच्यातली रेघ मला माझ्यापुरती चांगली दिसत होती. गेले नाही. नाताळला गेले. देऊळ अर्धं रिकामं. खुर्च्या लांबलांब. सवयीनं चटईकडे बघितलं, तर मावशी नव्हती.

वाटलं, ऊसतोडीला गेली असेल. आमच्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर बारडोली-व्याऱ्याकडे ऊस तोडायला जातात, ती थेट शिमग्याला परततात. पण नाताळला बहुतेक जण दोन दिवस का होईना, येतातच. शिवाय सत्तरीची बाई ऊस काय तोडणार? चटईवरच्या दुसऱ्या एकीला विचारलं. ती म्हणाली, "ती नाय येत आता. पावसाळ्यापासून दिसत नाय तिला."

मैत्रिणींनो, पावसाळ्यापासून म्हणजे सहा महिने! आणि मला पत्ता नाही. पत्ता म्हणजे अगदी पत्तासुद्धा. मी पाड्याचं नाव ऐकून होते, पण वीसएक वर्षांत एकदाही तिच्या दारात गेले नव्हते. ती माझ्या दारात कितीदा आली असेल! अंबाडी घेऊन, नागलीचं पीठ घेऊन, पोरीच्या तापाच्या वेळी नुसतीच. घरी आले आणि त्या दिवशी मटणाचा घास उतरला नाही.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात अशा अर्थाचं आहे की एकत्र जमणं सोडू नका, एकमेकांना धीर द्या. लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतं, बक्षीसही मिळालं होतं. मला वाटायचं, ते देवळात न येणाऱ्यांना दटावण्यासाठी आहे. 'जमा' ह्या शब्दाशीच मी थांबत होते. न जमलेल्याला कोणी धीर द्यायचा, हा पुढचा भाग माझ्या बक्षिसात बसला नव्हता.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पाळकबाई, मी आणि भगिनी मंडळातली एक मुलगी अशा तिघी रिक्षा करून गेलो. डांबरी रस्ता संपल्यावर पुढे चालत. मला वीस मिनिटांत दम लागला. ही वाट मावशी दर रविवारी तुडवत होती. घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, दारात कोंबड्या. मुलगा-सून तोडीला गेलेले. मावशी ओट्यावर उन्हात बसली होती. आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत तिनं ओळखलं नाही. मी हाक मारली, तशी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि म्हणाली, "पोरी, इकडे बस." आणि हातानं शेजारची जागा दाखवली. तशीच, पहिल्या दिवसासारखी.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. नाला ओलांडताना पावसाळ्यात एकदा पडली, तेव्हापासून वाट बंद. मोबाईल मुलाबरोबर गेलेला. म्हणजे मी कणीक मळता मळता ऐकत होते ती उपासना तिच्यापर्यंत एकदाही पोचली नव्हती. मी रडायला लागले, तर म्हणते, "का रडते? मी रविवारी म्हणते ना गाणी. कोंबड्या ऐकतात."

आम्ही प्रार्थना केली. तीही फार लांबवली नाही. एक सांगते, आजाऱ्याच्या घरी जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. "का आला नाहीत?" हे पहिलं वाक्य नको. चहा करायला लावू नका. स्वतःचा थर्मास न्या. प्रार्थनेला पाच मिनिटं पुरतात. आणि परत कधी येणार तो वार सांगून उठा, "येऊ कधीतरी" नको. हे शहाणपण माझं नाही, पाळकबाईंचं. त्या रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "आपण दर रविवारी आले किती ते मोजतो. आले नाहीत कोण, ते कोण मोजतं?" माझ्याकडे बघून नव्हत्या म्हणाल्या, पण लागलं.

पुढचं काम मग बायकांनी हातात घेतलं. डोळ्यांच्या ऑपरेशनचं जमायला वेळ लागला, कारण २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि सगळं पुन्हा बंद झालं. देवळं तर थेट ७ ऑक्टोबरला उघडली. पण ह्या खेपेला आम्ही वह्या घातल्या होत्या. म्हणजे अक्षरशः शाळेची दोनशे पानी वही. प्रत्येक पाड्यासाठी एक पान, घरातली माणसं, फोन आहे का, कोणाचा, तोडीला कोण जातं, बाळंतीण कोण, म्हातारं कोण. आजार ओसरल्यावर दोघीदोघींनी जायचं ठरवलं. सगळं काही सुरळीत झालं नाही. दोघींच्या जोड्या लावताना रुसवेफुगवे झाले. एक बाई म्हणाली, "पाड्यावर जायला मला वेळ नाही, मी दान देईन." तिचं दानही घेतलं, रिक्षाभाड्याला लागलंच. आणि एका घरी आम्हाला दार उघडलं नाही. त्यांचं मंडळीतल्याच कोणाशी जुनं वाकडं होतं. अजूनही उघडलेलं नाही. आम्ही अजून जातो.

वर्ष संपायच्या आत मावशीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस ती आमच्याकडेच राहिली. औषधाचे थेंब मी घालायची आणि ती माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. "तुझी भाजी गोड," म्हणायची. नगरवाल्यांची भाजी गोड! पण नंदुरबारची मिरची खाऊन वाढलेल्या बाईला काय सांगणार? थंडीच्या दिवसांत तिथल्या पथाऱ्यांवर मैलभर लाल मिरच्या वाळत पडलेल्या असतात. नुसतं जवळून गेलं तरी शिंका येतात.

त्या आठ दिवसांत एका रात्री मी तिला विचारलं, "मावशी, मी इतकी वर्षं तुझ्याकडे आले नाही, तुला राग नाही आला?" ती बराच वेळ बोललीच नाही. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाली, "आला." आणि कुशीवर वळली. सकाळी उठून मात्र माझ्याआधी अंगण झाडत होती, डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलेलं असताना.

आता शनिवारी रात्रीच मी बरंच उरकून ठेवते. वाटण करून झाकून, कपडे काढून, शर्ट तर खुंटीवर समोरच. सकाळी नऊला मुलगी स्कूटर काढते आणि फाट्यापर्यंत जाते. तिथवर मावशीला नातू सोडतो. स्कूटरवर मावशी अशी ताठ बसते की जशी घोड्यावर! चटई अजून आहे, खुर्च्याही आहेत. मी आमच्या पाळकांकडून एक बुटकं लाकडी स्टूल मागून घेतलंय, मुलांच्या वर्गातलं. ते चटईच्या कडेला ठेवते आणि त्यावर बसते. गुडघे फारसे दुखत नाहीत आणि तिचा हात पोचतो.

मागच्या रविवारी दारात एक नवीन मुलगी उभी होती. नवऱ्याची बदली होऊन आलेली, नवी साडी, कुठे बसावं कळत नसलेली. मी हाक मारणार, इतक्यात मावशीनं एका डोळ्यानं तिला हेरलं आणि मलाच ढोपरानं ढकललं. "सरक," म्हणाली. मी स्टूल उचललं आणि सरकले.